कर्मवीरांचं नाव घेता, तर तासही मोजा

कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलांना एक सल्ला इतक्या सहज दिला जातो की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटतच नाही. मुलगा चंदगडचा किंवा गगनबावड्याचा असतो. कॉट बेसिसवर राहतो, मेसला जेवतो आणि संध्याकाळी महाद्वार रोडवरच्या नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात कामाला जातो. कामाला लागताना चार तास ठरलेले असतात. हळूहळू चाराचे सहा होतात, सुट्टीच्या वारी दिवसभर थांबावं लागतं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी सुरू झाली की तिथून दिवाळीपर्यंत रात्री कधी सुटका होईल ते सांगता येत नाही, आणि हिवाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. मग तो विचारतो, ‘काम सोडू का?’ उत्तर ठरलेलं असतं: कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यातला तू, कष्टाला काय भितोस? आम्हीबी असंच शिकलो.

हे उत्तर देणारी माणसं प्रेमाची असतात, त्यांतल्या अनेकांनी खरोखरच हाल काढलेले असतात. तरीही ते उत्तर चूक आहे, आणि ज्या परंपरेच्या नावानं ते दिलं जातं त्या परंपरेशी त्याचं जमत नाही.

कर्मवीर अण्णा म्हणजे भाऊराव पाटील 1887 साली हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मले. 1919 मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं आणि 1947 मध्ये ‘कमवा आणि शिका’ या पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. तिथली मुलं शेतात राबली, त्यांनी दगडमातीची कामं केली, याचा अभिमान आपल्याला आहे आणि असायलाच हवा. पण त्या मुलांना काम कोण सांगत होतं हे आपण विसरतो. काम सांगणारा, जेवू घालणारा आणि शिकवणारा तिथे एकच होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. मुलगा नापास झाला तर तो त्या संस्थेचाच पराभव होता, म्हणून कामाची आखणी अभ्यासाच्या पोटात बसेल अशीच करावी लागे. शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं. तिथल्या कमवा व शिका योजनेच्या विद्यार्थी भवनाला पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांचं नाव आहे. तिथेही काम विद्यापीठाच्या आवारातलं आणि शिक्षणाशी बांधलेलं.

कापडाच्या दुकानदाराकडून ही अपेक्षा कशी करणार? तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याचा धंदा गिऱ्हाइकावर चालतो, मुलाच्या सेमिस्टरवर नाही. मुलाचा विषय राहिला तर त्याचं काहीच बुडत नाही, आणि ज्याचं काही बुडत नाही त्याच्या हाती आपल्या वेळेचा हिशेब देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

कोल्हापूरची दुसरी परंपरा तर याहून स्पष्ट बोलते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं या शहरात उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला भाकरी आणि छप्पर मिळालं की त्याची संध्याकाळ मोकळी होते, हे त्या राजाला कळलं होतं. बोर्डिंगांनी गरीब मुलाला वेळ दिला. आज तोच वेळ हातातून जाताना आपण मुलाला ‘सोस’ म्हणतो.

आता तास मोजू. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या एका सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे 15 तासांची व्याख्यानं किंवा 30 तासांची प्रात्यक्षिकं. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला निदान वीस-बावीस तास वर्गात जातात, विज्ञानाच्या मुलांचे त्याहून जास्त. हे फक्त हजेरीचं झालं, स्वतःच्या वाचनाचं अजून काहीच धरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, रोज दुपारी 4 ते रात्री 10 याप्रमाणे सहा दिवस म्हणजे 36 तास, आणि सुट्टीच्या वारी सकाळी 10 ते रात्री 10, आणखी 12. बेरीज 48. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (2017) पूर्णवेळ कामगाराची आठवड्याची कमाल मर्यादा 48 तासच आहे, वर एक साप्ताहिक सुट्टी सक्तीची. म्हणजे ‘पार्टटाइम’ म्हणून ठेवलेला हा मुलगा पूर्ण कामगाराइतकं राबतो, सुट्टीही घेत नाही आणि पगार अर्ध्या दिवसाचा उचलतो. त्याच कायद्यात जादा तासांना दुप्पट दर सांगितला आहे. लहान दुकानांना त्यातल्या बऱ्याच तरतुदी लागू होत नाहीत हे खरं, पण न्याय काय याचं माप तिथे आहेच.

कामाला अर्धवेळ म्हटल्यानं ते अर्धवेळ ठरत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या ग्रॅच्युइटीचा खटला होता. त्यांचं काम अर्धवेळ आहे, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. 25 एप्रिल 2022 च्या निकालात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं नेमून दिलेल्या कामांचा पसारा पाहून तो फेटाळला. दुकानातल्या मुलाचा खटला तिथवर जाणार नाही. पण त्यानं स्वतःशी हीच कसोटी लावायला हरकत नाही: कामाला लागताना काय ठरलं होतं, आणि प्रत्यक्षात काय करतोय?

काहींना वाटतं, तास मोजणं हा आळशीपणा आहे. त्यांनी आपल्या ओळखीतल्या, परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींना विचारावं. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये पदवी घेणाऱ्याला आठवड्याला 20. हे व्हिसाचे नियम आहेत, दयाबुद्धीचे नाहीत. पण शिकायला आलेल्यानं किती तास विकावेत याला सीमा असते, हे त्या देशांनी गृहीत धरलंय. तिकडे गेलेला आपला मुलगा तो नियम निमूट पाळतो आणि त्याचे आईवडीलही त्याला तेच बजावतात. इथल्या मुलालाच वेगळा न्याय का?

‘अनुभव मिळतो’ हा युक्तिवाद लवकर संपतो. गिऱ्हाइकाशी बोलणं, हिशेब, वेळ पाळणं हे पहिल्या काही महिन्यांत येतं. त्यानंतर त्याच ठाणांची तीच घडी.

उचलीचं मात्र तसं नाही. अडचणीच्या वेळी मालकानं फीसाठी आगाऊ पैसे दिलेले असतात आणि मुलाला त्या उपकाराचं ओझं वाटतं. ऊसतोडीच्या उचलीनं माणूस कसा बांधला जातो हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. पैसे घेतले असतील तर ते पैशांनीच फेडावेत, महिन्याचा हप्ता ठरवून, लेखी. अभ्यासाचे तास देऊन ते फिटत नाहीत, कारण त्या तासांचा भाव कुणी लावलेलाच नसतो.

राहता राहिला खरा प्रश्न: पैसे नाहीत, सोडून खाऊ काय? या प्रश्नापुढे कोणताही युक्तिवाद पुरत नाही, आणि ज्याच्या पगारावर गावाकडची चूल पेटते त्याला मी ‘सोड’ म्हणणार नाही. त्यानं उलट विचार करावा. नियमित महाविद्यालयात नाव ठेवून हजेरी बुडवण्यापेक्षा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पदवी करावी आणि कामाचा पगार पूर्ण मागावा. त्यात कमीपणा कसलाही नाही.

पण बहुतेकांचा पगार मेस, खोली आणि मोबाईलपुरता असतो. त्यांनी एकदा दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात. विषय राहिले आणि वर्ष वाढलं तर आणखी एका वर्षाची मेस, खोली, फी, आणि पहिला पूर्ण पगार वर्षभर लांब. दुकानातून मिळालेल्या रकमेतून हे वजा केलं की हातात काय उरतं? त्याआधी योजनाही पाहाव्यात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे. प्रत्येकाची अट वेगळी आणि पैसे उशिरा येतात, ही तक्रार रास्त आहे. तरी दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत दुकानात उभं राहणाऱ्या मुलाला महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीशी दुपारी जायलाच मिळत नाही, हेही तितकंच खरं.

शिकताना काम करूच नये, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. स्वतःच्या कमाईनं मेसचं बिल भरणाऱ्या मुलीची मान ताठ होते, आणि ती ताठ राहावी. म्हणून आधी मालकाशी बोलावं. ‘काका, माझे 5 ते 9 ठरलेत, परीक्षेच्या महिन्यात रविवारी येणार नाही,’ असं शांतपणे, घरचं एखादं थोरलं माणूस बरोबर घेऊन सांगावं. पुष्कळ मालक ऐकतात. त्यांनाही शिकणारी, चटपटीत मुलं हवी असतात. महिनाभर वाट पाहावी. तास पुन्हा वाढले तर पुढच्या एक तारखेपासून येत नाही असं सांगून, उरलेला पगार मागून बाहेर पडावं. हे नवरात्राच्या आधी करावं, म्हणजे मालकालाही सीझनसाठी दुसरा माणूस शोधता येतो आणि मुलाला परीक्षेपूर्वीचे आठवडे हाती लागतात.

आणि महाविद्यालयांनी प्रवेशाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: कुठे काम करता, किती तास? हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की नोटीस लावतात, पण तो मुलगा संध्याकाळी कुठे असतो हे विचारत नाहीत. विचारलं तर पहिल्याच सत्रात कळेल की कुणाला वसतिगृह हवंय, कुणाला भत्ता, आणि कुणाच्या मालकाला प्राचार्यांचा एक फोन पुरेसा आहे.