कॅराव्हॅन येईल; मुक्काम कुठे?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला हा रस्ता जागतिक विक्रमाच्या नोंदीत गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. वऱ्हाडात पोहोचणे आता पूर्वीइतके कष्टाचे उरलेले नाही. पोहोचलेल्या प्रवाशाने रात्री कुठे थांबावे, हा प्रश्न मात्र कायम आहे. चिखलदरा, सेमाडोह, कोलकास, नरनाळा या ठिकाणी सुट्यांच्या दिवसांत खोली मिळवताना पर्यटकांची दमछाक होते.

या अडचणीवर उपाय म्हणून चाकांवरच्या घराकडे पाहिले जात आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन आणि ती उभी करण्यासाठी कॅराव्हॅन पार्क अशी या धोरणाची दोन अंगे आहेत. वाहनात झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर, प्रसाधनगृह, चालक व प्रवासी यांच्यात आडोसा अशा सुविधा अपेक्षित आहेत आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणाऱ्यांना सवलतींचे आश्वासन आहे. यातील पहिले अंग बाजाराच्या बळावर पुढे सरकते आहे. दुसऱ्याला अजून म्हणावी तशी गती नाही. परिणामी अनेक हौशी प्रवासी मालवाहू गाडी विकत घेऊन स्थानिक कारागिराकडून तिचे घर करून घेण्याचा विचार करतात. हा विचार आकर्षक असला, तरी त्याचे गणित नीट मांडले जात नाही.

वजनाचा हिशेब

कोणती गाडी घ्यावी, याचे उत्तर इंजिनाच्या ताकदीपेक्षा तिच्या भारक्षमतेत दडलेले असते. शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो. चार माणसांचे सुमारे पावणेतीनशे किलो. त्यावर प्लायवूडची कपाटे, पलंग, फ्रिज, वातानुकूलन यंत्र, बॅटऱ्या, गॅस, अतिरिक्त चाक आणि मुख्य म्हणजे नव्याने बांधलेली बंदिस्त खोली. हे सारे सहज एक टनाच्या पुढे जाते. पाऊण टन क्षमतेचा 'छोटा हत्ती' त्यामुळे बादच होतो. पिकअप गाडीवर दोघांची साधी सोय बसते; चौघांच्या कुटुंबासाठी टाटा ४०७ च्या वर्गातील ट्रक किंवा फोर्स ट्रॅव्हलरची लांब बांधणी अधिक योग्य ठरते. वजन किती, याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खाली, दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये असाव्यात. टपावर सामानाचा डोंगर रचून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणे म्हणजे प्रत्येक वळणावर गाडी कलंडण्याचा धोका पत्करणे होय.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचे अनेकांना आकर्षण असते. वऱ्हाडातील काळी माती मात्र या तंत्रालाही दाद देत नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरचा चिखल टायरच्या खाचांत भरून बसतो आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरते. अशा वेळी चार चाकांच्या जोरापेक्षा मुरुमाची टणक जागा पाहून गाडी उभी करण्याचे भान अधिक उपयोगी पडते.

पाणी, वीज आणि ऊन

पाण्याचा प्रश्न येथे वेगळ्या स्वरूपाचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट असते. वाटेत विहीर किंवा हातपंप दिसला, म्हणून टाकी भरून घेता येत नाही. पिण्याचे पाणी सोबत हवे आणि वापराचे वेगळे हवे. म्हणजे पुन्हा वजन वाढले.

विजेची गोष्टही तशीच आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. बारा व्होल्ट, दोनशे अँपिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी सुमारे २.४ युनिट वीज साठवते. तासाला एक युनिट घेणारे वातानुकूलन यंत्र तिच्यावर जेमतेम सव्वादोन तास चालेल. टपावरील चारशे वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ दिवशी दीड-दोन युनिट देईल. शिवाय पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. रात्रभर गारवा हवा असेल, तर तीन-चार बॅटऱ्या तरी लागतील किंवा गाडीला बाहेरून वीज जोडावी लागेल. कॅराव्हॅन पार्कची गरज येथेच स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते; ती भाड्याने द्यायची, तर व्यावसायिक नोंदणी व परवाना लागतो. साडेसात हजार किलोपर्यंतची परिवहन वाहने हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्याची मुभा मात्र नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल याबाबत स्पष्ट आहेत. विनापरवानगी बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळते.

ही केवळ कागदी अडचण नव्हे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. पेटलेल्या बंदिस्त वाहनातून बाहेर पडायला किती थोडा अवधी मिळतो, हे त्या पहाटे दिसले. कॅराव्हॅनमध्ये तर गॅस, बॅटऱ्या, लाकूड आणि गादी एकाच खोलीत असतात. दोन स्वतंत्र दारे, गॅससाठी बाहेरून उघडणारा व तळाशी वायुवीजन असलेला कप्पा, प्रत्येक विद्युतजोडणीला फ्यूज आणि हाताशी अग्निशामक ही चैन नसून किमान अट आहे. वाहनांच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. त्यांना मान्यताप्राप्त मापदंडांचे प्रशिक्षण आणि सुलभ तपासणी मिळाली, तर याच शहरांत एक नवा व्यवसाय उभा राहू शकतो.

लाभ कोणाचा?

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटात परवानगीशिवाय रात्री गाडी उभी करता येत नाही आणि येऊही नये. त्यामुळे मुक्काम जंगलाबाहेरच्या गावांच्या शिवारात होणार. बिछाना, चूल आणि शिधा सोबत घेऊन आलेला प्रवासी तेथे खर्च कशावर करणार? तो गावचे पाणी घेईल आणि मागे सांडपाणी व कचरा ठेवून जाईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोरकू वस्त्यांना असे पर्यटन परवडणारे नाही.

यावर मार्ग आहे. परतवाडा, अकोट, धारणी, चिखलदरा या पट्ट्यात ग्रामपंचायती किंवा महिला बचत गटांच्या हाती लहान पार्क द्यावेत. दहा गाड्यांपुरती मुरुमाची जागा, मीटर लावलेली वीजजोडणी, सशुल्क पाणी, मैला रिकामा करण्याची बंदिस्त टाकी आणि गावच्या स्वयंपाकाची सोय, एवढे त्यासाठी पुरे. विक्रमी वेगाने रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेला हे काम अवघड नाही. ते झाले नाही, तर चाकांवरची घरे वऱ्हाडात येतील, धूळ उडवतील आणि स्थानिकांच्या पदरात केवळ कचरा टाकून निघून जातील.