खडकावर उतरू नका, गुहेत शिरू नका

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात ओसाड खडकांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. आणि घाट चढून गेलं की कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात भीमगडचं जंगल, तिथल्या बारापेडे गुहा. खडकांवर ब्रायडल्ड टर्न हा सुरय पक्षी घरटं करतो. गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं.

एकाचं बहुतेक आयुष्य खुल्या समुद्रावर, दुसऱ्याचे दिवस काळोखात. पण दुखणं एकच. दोघांनाही पिल्लं वाढवायला निवांत कपार लागते, आणि ती हवी तिथे मिळत नाही.

वेंगुर्ल्याच्या सुरयांवर पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलअलींनी १९४२ मध्येच लिहून ठेवलंय. या पक्ष्याची मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही दगडाच्या आडोशाला. आपण सेल्फीसाठी खडकावर उतरतो, थवा उठतो, अंडं उन्हात उघडं पडतं. होडीतून एखादा उंदीर तिथे पोचला तर विचारूच नका.

रॉटनचं वटवाघूळ जगाला ठाऊक झालं ते बारापेडेमुळे, १९१३ साली. कित्येक दशकं ते दुसरीकडे कुठे सापडलंच नव्हतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. तपकिरी मखमली अंग, मानेमागे फिकट पट्टा, थोबाडापुढे येणारे मोठाले कान. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं खरं, पण गुहेच्या तोंडाशी चोवीस तास पहारा कोण देणार? टॉर्चचा झोत, धूर, आरडाओरडा, एवढ्यानेही वटवाघळं बिथरतात. कोरोनात तर आपण त्यांना उगाच गुन्हेगार ठरवलं. रात्रभर किडे फस्त करणारा हा प्राणी आपलं काय वाईट करतो?

आणि सुरयही आपल्या उपयोगाचेच. त्यांचे थवे जिथे घिरट्या घालतात तिथे मासळी असते, हे आपल्या दर्यावर्दींना सांगायला नको.

आपल्या हातात बरंच आहे. विणीच्या हंगामात होडीवाल्या दादांना सांगू या, खडक लांबूनच दाखवा. ट्रेकच्या ग्रुपवर गुहेचं लोकेशन टाकू नका. कुणी टाकलंच, तर गोडीत काढायला लावा. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत आणि खानापूरकडच्या ग्रामसभांत हा विषय आपणच मांडू या. लोक ऐकतात, फक्त कुणीतरी बोलावं लागतं. आणि महाराष्ट्रात कुठे पक्ष्यांना, वटवाघळांना त्रास होताना दिसला, तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लगेच फिरवा.