मनाचा तोल आणि आपली ओळख

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे इंटेल कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये या कंपनीने सुमारे १५,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्या भागात मराठी अभियंत्यांची पुष्कळ कुटुंबे राहतात. एच-वन-बी परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा वेळी कोणाचेही मन हेलकावेल. परंतु एकजण चार दिवसांत सावरतो, तर दुसरा सकाळी आशेने उठतो आणि सायंकाळी निराशेत बुडतो. असे का व्हावे?

पहिले कारण स्वभाव. काही माणसांचे मन मुळातच लवकर अस्वस्थ होते, हे हान्स आयसेंक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी मांडले. त्याचा काही अंश वारशाने येतो. त्यात त्या माणसाचा अपराध नाही.

दुसरे कारण म्हणजे आपण स्वतःला काय समजतो. पॅट्रिशिया लिनविल या संशोधिकेने १९८५ मध्ये दाखविले की, ज्यांची स्वतःविषयीची कल्पना थोड्याच गोष्टींवर उभी असते, त्यांचे मन यशाने फार चढते व अपयशाने फार उतरते. पुढील संशोधनात हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. तरी त्यातला बोध घेण्यासारखा आहे. 'मी म्हणजे माझी नोकरी' असे मानणाऱ्याची नोकरी गेली, तर त्याच्याजवळ उरते काय?

आपल्या मॉरिशसमध्येही एच.एस.सी.च्या निकालावर आपण मुलांची किंमत ठरवितो. लॉरिएट झाला तर घराण्याचे भूषण, आणि मागे पडला तर त्याचे नावही घेत नाही! तोच मुलगा गणेशचतुर्थीला मूर्ती घडवितो, झाकरीत ताल धरतो, आजीला दवाखान्यात नेतो. हे गुण त्याला कोणी बोलून दाखवितो काय?

मात्र मनाचे चढउतार आठवडेच्या आठवडे टिकले, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार असू शकतो. तेव्हा उपदेश न करता डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली?

स्वभाव बदलणे आपल्या हाती थोडेच असते. मुलांची ओळख रुंद करणे मात्र पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे. आईबापांनी आणि आपल्या मंडळ्यांनी हे काम आजच हाती घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.