भंगार कशाला म्हणावे?

‘इतका जुना संगणक? त्यावर पैसे घालू नका, नवाच घ्या.’ घरच्या संगणकावर बरे खेळ खेळता यावेत अशी इच्छा असणाऱ्या, पण खिशात मोजकेच पैसे असणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. दुकानदार देतो, चित्रफितींतून बोलणारे तज्ज्ञ देतात, आणि गेल्याच वर्षी स्वतः नवा घेतलेला मित्र तर हमखास देतो. सल्ल्याचा आव तांत्रिक असतो. आमचे म्हणणे असे की तो तांत्रिक नाही. खेळण्याचा अधिकार कोणाला आहे याविषयीचे ते एक मत आहे, आणि ते आम्हांस मान्य नाही.

उदाहरण म्हणून २०१४च्या सुमारास कार्यालयांतून सर्रास दिसणारा एक संगणक घेऊ. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५, चार गाभ्यांचा; ४ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत; आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. कार्यालयांनी मोडीत काढलेले असे संगणक लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून घरोघरी पोहोचले आहेत. तो रांगतो, हे खरे. पण का रांगतो? तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी अर्ध्या फेरीची, सरासरी सुमारे ४ मिलिसेकंदांची, वाट पाहावी लागते. डोके सरकण्याचा वेळ निराळाच. एसएसडीत काहीच फिरत नसल्यामुळे हे काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकते. त्यात रॅम अपुरी पडली की संगणक तिची उणीव त्याच तबकडीवर लिहून-पुसून भागवू पाहतो. बिचाऱ्या प्रक्रियकाचा यात दोष तो काय? गाळाने भरलेला पाट पाहून विहीर आटली असे जाहीर करण्यापैकीच हे आहे.

साधी एसएसडी, आणि एका पट्टीऐवजी एकसारख्या दोन पट्ट्यांत मिळून ८ किंवा १६ जीबी रॅम, एवढ्याने हा संगणक माणसांत येतो. दोन पट्ट्यांचा आग्रह उगाच नाही. डीडीआर३ प्रकारची १६०० वेगाची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती पुरवू शकते. दोन पट्ट्या आपापल्या योग्य खाचांत बसवल्या की हीच क्षमता २५.६ होते. हे सांगायला दुकानदाराला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट तो देत नाही, कारण त्यातून नवा संगणक विकला जात नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. येथे गरजूंची फसवणूक उलट्या दिशेने होते, आणि तिचा आम्हांस अधिक संताप आहे. ज्याला नवा संगणक गळ्यात मारता येत नाही त्याच्या हाती ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’ ठेवले जाते. खोक्यावर ‘२ जीबी’ ठळक. आत काय आहे हे बारीक अक्षरांत, किंवा नाहीच. जीटी ७१०च्या डीडीआर३ आवृत्तीची स्मृती सेकंदाला १४.४ जीबी माहिती वाहते, आणि जीटीएक्स १६५०ची २०१९ची मूळ आवृत्ती १२८ जीबी. दोन्ही खोक्यांवर ‘जीबी’ हाच शब्द असतो, पण त्या खोक्यांत नऊपट अंतर असते. खुद्द निर्मात्यानेच गोंधळात भर घातल्याचे उदाहरणही आहे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे २०१७ साली आलेले कार्ड सेकंदाला ४८ जीबी वाहणारे होते; २०१८ साली त्याच नावाखाली डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती आली, ती जेमतेम १७ जीबी वाहते. नाव तेच आणि माल तिसऱ्या हिश्श्याचा! किराणा दुकानात कोणी असे केले असते तर गिऱ्हाइकाने पोते उपडे करून दाखवले असते.

म्हणून कार्ड घेताना खोक्यावरील जीबी बाजूला ठेवून स्मृतीचा प्रकार विचारावा. दुसरा प्रश्न विजेचा. कार्यालयीन संगणकातला एसएमपीएस बेताचा असतो, आणि कार्डासाठी वेगळी वायर त्यात बहुधा नसते. मदरबोर्डाची खाच स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज पुरवते. तेवढ्यात भागणारे, वरून वायर न मागणारे कार्ड घ्यावे. जीटीएक्स १६५०च्या काही आवृत्त्या अशा आहेत. काहींना मात्र वायर लागते, तेव्हा पाहून घ्यावे. अनेक कार्यालयीन संगणकांत एसएमपीएसची जोडणीच निराळ्या घडणीची असल्याने ‘नंतर बदलू’ हा बेत फसतो. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डही निम्म्या उंचीचे लागते. जुन्या मॉनिटरला केवळ निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असेल, तर या कार्डांना ती लागत नाही. रूपांतरकाचा खर्च आधीच धरावा. हे सारे शोधायला एक संध्याकाळ पुरते. ‘नवाच घ्या’ म्हणणाऱ्याने ती संध्याकाळ वाचवलेली असते, तुमच्या पैशाने.

मग खेळ कसा दिसतो? येथे आम्हांला समीक्षकांशीच दोन शब्द बोलायचे आहेत. खेळाची समीक्षा म्हणून जे छापले जाते त्यात पुष्कळदा खेळाविषयी काही नसते. सेकंदाला किती चौकटी, कोणत्या कार्डावर, एवढाच ताळेबंद. जणू कादंबरीच्या परीक्षणात कागदाचे वजन सांगावे. फोर-के चित्रात ८३ लाखांच्या आसपास बिंदू असतात, १०८०मध्ये सुमारे २१ लाख, आणि ७२०मध्ये सव्वानऊ लाख. बिंदू कमी केले, सावल्या सौम्य केल्या, तर कार्डावरचा भार झपाट्याने उतरतो, आणि खेळाची कथा, रचना, त्यातला पेच, यांतले काहीही उणे होत नाही. ‘पोर्टल २’ (२०११) किंवा ‘हॉलो नाइट’ (२०१७) यांची थोरवी पटायला महागडे यंत्र लागत नाही. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून घेतलेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रतीतून ज्यांनी जगाचे वाङ्मय वाचले, त्यांच्या वाचनाला कोणी दुय्यम म्हणाले नाही. खेळांच्या बाबतीत मात्र आम्ही निमूटपणे मान्य करतो की कोऱ्या करकरीत प्रतीशिवाय वाचन घडतच नाही.

जुन्याचे स्तोम आम्हांला माजवायचे नाही. चार गाभ्यांचा तो आय-५ अलीकडच्या विस्तीर्ण मुक्त जगाच्या खेळांत अडखळतो, आणि त्यावर कार्ड बदलणे हा उपाय नव्हे. डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्सचा खेळ आणि मे २०२५चा ‘डूम : द डार्क एजेस’ यांना प्रकाशकिरणांचे गणित करणारी खास यंत्रणा कार्डातच लागते, १६५०मध्ये ती नाही, तेव्हा हे खेळ विसरावेत. एनव्हिडियाने १०५० टीआयच्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर थांबवले आहेत; स्वस्तात मिळते म्हणून ते घेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. या मर्यादा खऱ्या आहेत. परंतु त्या अमुक खेळांच्या मर्यादा आहेत. त्यावरून सगळा संगणक भंगारात काढणे हा निष्कर्ष निघत नाही.

विंडोजची गोष्ट मात्र मर्यादेची नव्हे, हुकुमाची आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रक्रियक लागतो. आमचा चौथ्या पिढीचा संगणक त्या दिवशी रात्रीतून मंद झाला नाही; त्याला फक्त दाराबाहेर उभे करण्यात आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विदाकेंद्रांच्या भुकेमुळे नव्या मेमरीचे भाव भडकले, म्हणजे ‘नवाच घ्या’ हा सल्ला महाग होत असतानाच सक्तीचा होत गेला. लिनक्स बसवून, व्हॉल्व्हने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनच्या आधारे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळसे खेळ चालवता येतात. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ चालत नाहीत. त्यांची लबाडी पकडणारी यंत्रणा आड येते. ज्याला केवळ तेच खेळायचे आहेत त्याला आम्ही नवा संगणक घेऊ नको असे म्हणणार नाही. इतरांनी आधी कॅबिनेट उघडून धूळ झाडावी, रॅमच्या पट्ट्या मोजाव्यात, एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा कागदावर टिपून घ्यावा, आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी.