पुट्टीखालची पद्मिनी

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली बाबांची प्रीमियर पद्मिनी २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेच्या पाण्यात उभी होती. आता ती साताऱ्याला माझ्या अंगणात आहे. सगळे म्हणतात, "पुट्टी भर, रंग मार, झकास दिसेल!"

मला नाही पटत. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. दाराखालचा पत्रा कुजला की कणाच गेला! दार उचलून लावावं लागायचं ते त्यामुळेच.

बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली, चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापला. नवा तुकडा थोडा थोडा वेल्ड केला. सलग मारला तर पत्रा वाकतो. वर झिंक प्रायमर, आतल्या पोकळीत मेण, निचऱ्याची भोकं मोकळी.

रंगाला पैसे उरले नाहीत. असू दे... बाबांनी परवा दार लावलं, न उचलता.