विमान दोन तासांत, चिकू मात्र वाटेतच

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघर येथे पायाभरणी झाली आणि डहाणू-तलासरीच्या बाजारात बंदरापाठोपाठ विमानतळाचीही भाषा सुरू झाली. "विमानतळ झाला की चिकू दोन तासांत दिल्लीला," असे जो तो सांगतो. हा हिशेब तपासून पाहणे जरुरीचे आहे.

मुंबई व सुरत या दोन विमानतळांतील सरळ हवाई अंतर सुमारे २२५ किलोमीटर आहे आणि तलासरी जवळजवळ त्याच्या मध्यावर येते. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर सतरा मिनिटांचे. तरीही एवढ्या उड्डाणाला वेळापत्रकात पाऊण ते एक तास धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, उतरणे हे सारे त्यात येते. पूर्ण वेग घेण्याआधीच उतरण्याची तयारी करावी लागते. म्हणजे अंतर जितके कमी, तितका विमानाचा फायदा कमी.

वाऱ्याचाही हिशेब आहे. मुंबई-दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. पण आखातात जाताना समोरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यामुळे सहसा जास्त वेळ लागतो, येताना कमी. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या भावंडांना हे ठाऊक आहे. आणि तीन तासांच्या त्या उड्डाणासाठी तलासरीहून किती आधी निघावे लागते, हेही! विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, शिवाय महामार्गावर घोडबंदर-वसईकडची कोंडी. तिची वेळ कुणी छापत नाही.

आता चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब. पण झाडावरून उतरला की त्याचा चीक धुवायचा, प्रतवारी करायची, खोक्यात भरायचा. काही दिवसांतच तो पिकून मऊ होतो. फार थंडीतही ठेवता येत नाही, चव जाते. मुंबई-दिल्ली उड्डाण सव्वादोन तासांचे खरे, परंतु वाडीतून मालकेंद्रापर्यंतचा रस्ता, तपासणी, जागेची वाट आणि दिल्लीत उतरल्यावर मंडीपर्यंतचा ट्रक धरला तर त्या सव्वादोन तासांचे महत्त्व किती उरते? शिवाय विमानाचे भाडे किलोवर. चिकूसारख्या स्वस्त, वजनदार फळाला ते परवडणार कसे, हे आधी बागायतदाराने स्वतः मांडून पाहावे.

वाढवणच्या मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे, तो विषय वेगळा आणि मोठा आहे. परंतु नव्या विमानतळाच्या आशेवर जमिनीचे सौदे करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनी एवढे तरी विचारावे: योग्य तापमानाची साठवण व प्रतवारीचे केंद्र डहाणूत कधी होणार? कारण ते केंद्र झाले तर रेल्वेने आणि ट्रकने जाणाऱ्या मालालाही उद्यापासून फायदा आहे. त्यासाठी धावपट्टीची वाट पाहावी लागत नाही.