तेलाची वाटी आणि तिची पाठ

दिवाळी अंक हाती पडेपर्यंत घराघरांत पहिल्या आंघोळीची तयारी सुरू झालेली असते. आमच्या बेळगाव भागात आदल्या संध्याकाळी शेजारचे कानडी कुटुंब 'नीर तुंबो हब्ब' करते. न्हाणीघर घासूनपुसून हंडे भरून ठेवते. पहाटेच्या आंघोळीला ते 'एण्णे स्नान' म्हणतात, आम्ही अभ्यंगस्नान. भाषेवरून आम्ही कितीही भांडलो तरी तेलाची वाटी दोन्ही घरांत सारखीच कोमट असते. आणि ती वाटी कुणाच्या हातात असते, हेही दोन्ही घरांत सारखेच!

ती पोरांना तेल लावते, सासऱ्यांचे गुडघे चोळते, पाडव्याला नवऱ्याची पाठ रगडते. स्वतः मात्र सर्वांच्या आधी उठून दोन तांबे घाईघाईने अंगावर घेते. तिच्या पाठीला तेल कोण लावते? बाळंतपणातला सव्वा महिना सोडला, तर बहुधा कुणीच नाही!

आता गावोगावी मालिशची वातानुकूलित दुकाने निघाली आहेत. फलकावर लिहिलेले असते 'सर्वांगीण आरोग्य'. मधुमेहापासून पक्षाघातापर्यंत सारे बरे करू, शरीरातील विष बाहेर काढू, अशी आश्वासने देतात. ही शुद्ध थाप आहे. विष बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडे समर्थ आहेत. मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणे काही काळ हलके होते, मन निवते, झोप लागते. एवढे काय थोडे आहे? १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हळुवार मालिश केले, तेव्हा त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले. आमच्या वाग्भटाने तर 'अष्टांगहृदया'त अभ्यंग रोज करावा, डोके, कान आणि तळपाय यांना विशेष करावा, असे शतकांपूर्वीच सांगितले. अजीर्ण झालेल्याने आणि कफाने ग्रासलेल्याने तो टाळावा, हेही त्यानेच सांगितले. सर्व रोगांवर एकच उपाय, असा दावा त्यानेही केला नाही.

आम्ही काय केले? 'रोज'चे वर्षातून एकदा केले आणि उरलेले दुकानात विकत घेऊ लागलो. तिथे मागतील ते पैसे मुकाट मोजतो. पण बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. तिच्या बोटांतले ज्ञान आम्हांला ज्ञानच वाटत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. आई बहात्तर वर्षांची. आम्हां पाच भावंडांची अंगे तिने चोळली. गेल्या थंडीत पहिल्यांदाच मी तिचे तळपाय हातात घेतले, तर तिने चटकन ओढून घेतले. "राहू दे रे, तुला कुठं जमतंय!" मी सोडले नाहीत. टाचांच्या भेगांत तेल जिरायला पाव तास लागला. तोवर ती झोपली होती. माझ्यासारख्या मुलाला हे तोपर्यंत सुचले नव्हते, याची लाज अजून जात नाही.

कुणी म्हणेल, वेळ कुठे आहे? दूरचित्रवाणीसमोर बसायला आहे ना? मग त्यातलाच पाव तास काढा. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, हाड मोडले असेल किंवा ताप असेल, तर चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

सर्वांगीण म्हणजे एकाच देहाची सगळी अंगे नव्हेत. घरातली सगळी माणसे. या पाडव्याला नवऱ्याने आपली पाठ चोळून झाल्यावर तीच वाटी हातात घ्यावी आणि म्हणावे, "आता तू बस." ती हसेल, नाही म्हणेल. तरी वाटी खाली ठेवू नये.